अण्णाने आणलेली माती

मी माती तपासते. मैसूरमधल्या एका खाजगी प्रयोगशाळेत डोक्यावरचे केस पिकेपर्यंत हेच काम केलं, आणि घरात त्याची कायम थट्टाच झाली. आमचं घर इथं इतकं जुनं की आमच्या मराठीत कन्नड कुठे सुरू होतं ते आम्हालाही कळत नाही. धाकटी बहीण म्हणायची, "लोक भेटल्यावर ऊट आय्ता, जेवलात का, विचारतात, आमची अक्का माती ओली आहे का विचारते." हसायची आणि मग कुंडीत काय घालू हेही मलाच विचारायची. तिने माझ्याशिवाय साधा कढीपत्ता कधी लावला नाही.

माती आणायची एक रीत असते. शेतात इथंतिथं फिरून खड्डे घ्यायचे, वरचा पाला बाजूला सारायचा, खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत एक पातळ पट्टी खरवडायची. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून तिचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले परत मिसळायचे, परत चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. मग ती सावलीत वाळवायची. पिरियापट्टणचे तंबाखूवाले हे सगळं मान डोलावत ऐकतात आणि शेवटी घरामागची मूठभर माती रुमालात बांधून आणतात. त्यांना मी बोलते आणि परत पाठवते.

सख्ख्या भावाला, अण्णाला, मात्र परत पाठवलं नाही.

वडिलांची जमीन बेट्टदपुरच्या डोंगराच्या अलीकडे आहे. वरचा अर्धा भाग तांबड्या मातीचा, तो अण्णा कसतो. खालच्या अर्ध्या भागात दाट झाडी. वडील तिला नुसतं काडु म्हणायचे, म्हणजे रान. तिथे त्यांनी नांगर कधी घातला नाही आणि आम्हा मुलींना जळवांची भीती घालून कधी आत जाऊ दिलं नाही. उन्हाळ्यात बांधावरून बघितलं तर खाली गार सावली आणि काळी जमीन दिसायची. आम्हाला ते रान फार आवडायचं.

वडील गेल्यावर वाटणीचं निघालं. मला काही नको होतं, मी सही करून मोकळी झाले. राहिले अण्णा आणि धाकटी. धाकटीने बेळगोळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात आयुष्य काढलं, यंत्रांच्या आवाजाने तिचे कान किटले होते. तिला आता झाडांत राहायचं होतं. दोन खोल्या बांधायच्या, आंबा, फणस, लिंबू लावायचं, भाड्याचं घर सोडून तिथेच मरायचं, असं तिचं ठरलेलं. अण्णा म्हणाला, "तुला झाडं आवडतात ना, मग खालचा भाग तू घे." ती म्हणाली, "अक्काला माती बघू दे, मग सांगते."

माझा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता. मी म्हटलं, थांबा थोडं, मी स्वतः येऊन खणते, खाली पाणी साचत असेल. अण्णा म्हणाला, "छे, अगदी मोकळी माती आहे. कशी आणायची ते सांग, मी आणतो." मी सांगितलं. आणि काय आणली त्याने माती! कापडी पिशवीत, सावलीत वाळवलेली, खडे-काड्या वेचलेली, अर्ध्या किलोला वर ना खाली. उभ्या नोकरीत इतका नीट नमुना मला कुणी आणून दिला नव्हता. मला भावाचं कौतुक वाटलं. माती तांबडी होती, पण बांधावरून दिसायचा तो काळेपणा नुसता वरच्या पाल्याचा असणार असं मी धरलं. मी चाळली, चाळणीत पांढऱ्या गारेची बारीक खडी राहिली. ॲसिडचा थेंब टाकला, माती गप्प राहिली, म्हणजे चुना नाही. भिजवली, पाणी झरझर खाली गेलं. मी धाकटीला फोन केला आणि म्हटलं, "डोळे झाकून घे."

तिने डोळे झाकूनच घेतलं.

दोन खोल्या बांधून, झाडं लावून पुढचा पावसाळा तिने तिथे काढला. आधी फणस गेला. मग लिंबाची पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. मला फोनवर सांगायची आणि मी इकडून औषधं सुचवायची. मग एकदा म्हणाली, "अक्का, खोलीत फरशीच्या सांध्यांतून पाणी येतंय." त्या आठवड्यात मी गेले.

रानात पाऊल टाकलं आणि चप्पल चिखलातच राहिली. पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते, तरी पाणी जागचं हललं नव्हतं. एक मोठं झाड मुळांसकट आडवं झालेलं होतं. त्याची मुळं खाली गेलीच नव्हती, परातीसारखी सपाट पसरली होती आणि त्यांच्यात पांढरट दगड अडकले होते. ते दगड चुनखडीचे दिसत होते. कुदळ मागून घेतली आणि तिच्या गेलेल्या फणसाच्या जागी मीच खणायला लागले. धाकटी शेजारी उन्हासाठी छत्री घेऊन उभी होती.

वर वीतभर काळीभोर, पाल्याची, मऊ माती. इतकी देखणी की कुणीही भुलावं. तिच्याखाली राखाडी चिकणमाती, निळसर झाक असलेली, आणि तिच्यात जुन्या मुळांच्या वाटेने गंजाचे नारिंगी डाग. मातीत लोखंड असतं. हवा मिळते तिथे ते गंजतं, आणि वर्षातला बराच काळ पाण्यात बुडून राहिलेली माती अशी राखाडी पडते. कुजक्या अंड्याचा वास आला. आणखी खाली पहार मारली तर ती खणकन वाजली. चुनखडीचा अखंड थर होता. चुनखडीला भेगा असल्या की पाणी त्यांतून निघून जातं, पण इथल्या भेगा त्याच चिकणमातीने गच्च बुजलेल्या. वरच्या उताराचं सगळं पाणी इथे येऊन बसत होतं आणि त्याला जायला वाट नव्हती.

पर्समधली ॲसिडची छोटी बाटली काढली, ती माझ्याकडे कायम असते. खालच्या मातीवर थेंब टाकला. फसफसली. पांढरा फेस आला. धाकटी म्हणाली, "हे चांगलं की वाईट?"

मी तशीच चिखलाच्या पायांनी बांध चढून अण्णाच्या शेतात गेले, मूठभर तांबडी माती उचलली, थेंब टाकला. गप्प. बोटांनी चोळली तर पांढऱ्या गारेची तीच बारीक खडी हाताला लागली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

अण्णा पडवीत कॉफी पीत बसला होता. मी माती त्याच्यासमोर कठड्यावर ठेवली आणि म्हटलं, "ही तू मला दिली होतीस. हिची माती म्हणून." त्याने मातीकडे बघितलंसुद्धा नाही.

"मग काय करणार होतो?" तो म्हणाला. "खरी माती दिली असती तर तू नको म्हणाली असतीस. मग ती वरचा भाग मागायला बसली असती. इथे मी जन्मभर राबलोय, तुम्ही दोघी नाही."

"हे तिला तोंडावर सांगायचं होतंस. भांडायचं होतंस. माझ्या तोंडून का वदवलंस?"

"माझं कोण ऐकतं? ती तुझंच ऐकते." मग कपबशी खाली ठेवून म्हणाला, "आता झालं ते झालं. होगली बिडु." जाऊ दे, सोड. लहानपणी माझी पाटी फोडली तेव्हाही हेच म्हणाला होता.

केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते मला त्या पडवीत कळलं. खोटं बोलला असता तर मी समजू शकले असते, माणसं जमिनीसाठी बोलतात. पण त्याने माझी रीत माझ्याकडून शिकून घेतली. चार भाग पाडले, दोन टाकले, सावलीत वाळवली, सगळं मन लावून केलं, फक्त खड्डे दुसरीकडे घेतले. मी त्याला वाटेल ते बोलले. वहिनी आतून बाहेर आली नाही. कागद झाले होते, वाटणी आता मोडणार नव्हती.

खाली येऊन मी धाकटीला सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. मला वाटलं होतं ती रडेल, मग आम्ही दोघी मिळून अण्णाला शिव्या घालू, आणि माझ्या मनावरचं ओझं उतरेल. ती खड्ड्याकडे बघत राहिली. खड्ड्यात तोवर पाणी भरलं होतं.

"अण्णाचं काय," ती म्हणाली, "तो पहिल्यापासून तसाच. त्याच्या शब्दावर मी कुंडीभर मातीसुद्धा घेतली नसती."

मग छत्री मिटून ती खोलीकडे वळली.

यंदा गौरीला ती अण्णाकडे जेवायला गेली होती, वहिनीने सांगितलं. त्याच्याशी ती नीट बोलते. माझ्याशीही बोलते, फोन उचलते, गुडघे कसे आहेत विचारते. परवा मी तिच्याकडे गेले होते. फरशी उखडून जोतं वर घ्यायचं चाललं होतं. मी म्हटलं, "अगं, फणसाचा नाद सोड. जांभूळ लाव, अर्जुन लाव, करंज लाव. पाण्यात पाय राहिले तरी त्यांचं काही बिघडत नाही. मी रोपं आणून देते."

ती पदराला हात पुसत म्हणाली, "बघते. कुणाला तरी विचारते आधी."