डिशसमोरची चार मिनिटं

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मी नेटवर्कचं काम करणारी बाई, जे मोजता येतं तेवढंच खरं मानणारी. त्यामुळे खाली "ताई, वायर हलली असेल" असं कृपा करून लिहू नका... वायर मीच तपासली होती.

पिंपळगाव बसवंतला हायवेलगत एक कोल्ड स्टोरेज आहे. त्याच्या गच्चीवरून पलीकडच्या पॅकहाऊसपर्यंत आमच्या छोट्या कंपनीने साठ गिगाहर्ट्झची वायरलेस लिंक टाकली होती, म्हणजे दोन डिश समोरासमोर आणि मधल्या हवेतून इंटरनेट. डिश बसवली रामदासभाऊंनी — माझे सीनियर, मला हे काम शिकवणारा माणूस. लिंक रोज दुपारी बारा दहाला बंद पडायची आणि चार मिनिटांनी आपोआप सुरू व्हायची. साहेबांनी ऑफिसात बसल्या बसल्या निकाल लावला — भाऊंनी डिश ढिली बसवली, काढा त्यांना. माझं डोकंच फिरलं. ढिली डिश काय घड्याळ बघून हलते?

भाऊ एवढंच म्हणाले, "पोरी, बोल्ट मी माझ्या हातानं आवळलेत. तूच मोजून बघ."

गेले लॅपटॉप घेऊन गच्चीवर. पिंग लावलं. म्हणजे इकडून हाक मारायची आणि पलीकडून उत्तर येतं का बघायचं, बास. एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला मध्ये काही आलेलं खपत नाही. कठड्यावरून वाकून डिशसमोर हात धरला, उत्तरं बंद. काढला, सुरू. बोल्टना पाना लावून बघितला, तसूभर हलले नाहीत.

बारा दहा झाले. उत्तरं बंद! सिग्नलचा आकडा पडला तोही माझा हात मध्ये असताना पडला होता तेवढाच. समोर लख्ख ऊन, मध्ये काही म्हणजे काही नाही. आणि डिश कठड्याच्या बाहेर पाइपवर आहे हो... तिच्यासमोर उभं राहायला जागाच नाही, खाली सरळ तीन मजले.

भीती नंतर वाटली. आधी संताप आला. मी मोठ्याने म्हणाले, "कोण असाल ते बाजूला व्हा. तुमच्यापायी एका माणसाची नोकरी चाललीये."

लगेच पिंगला उत्तर आलं. घड्याळात बारा अकरा.

दुसऱ्या दिवशी साहेबांना हट्टाने गच्चीवर आणलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघा म्हणून. बारा दहा झाले, सव्वाबारा झाले... एकही उत्तर चुकलं नाही. साहेबांनी माझ्या बॅगेतल्या पान्याकडे बघितलं. म्हणाले, "म्हणजे काल तुम्ही बोल्ट आवळलेत. ढिलेच होते ना?" मी कितीही सांगितलं तरी ऐकतो कोण! भाऊंना महिनाअखेरीस काढलं.

लिंक त्यानंतर एकदाही पडलेली नाही. ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पण राग साहेबांवर आहे तेवढाच त्याच्यावरही आहे. भाऊ गेल्यावर मी दोनदा भर उन्हात त्या गच्चीवर जाऊन हात जोडून सांगून आले, एकच दिवस परत उभे राहा, मी साहेबांना घेऊन येते. दोन्ही वेळा पिंग आपलं सुरळीत चालू.

एकदा ऐकलं होतं ना माझं? मग हेही ऐकायचं होतं.