काकाजींचा कान

देवळीच्या आमच्या शेडमधले काकाजी जगातली कुठलीही हवा गुपचूप निसटू देत नाहीत. फायबरची होडी करताना रेझिन या चिकट रसायनानं भिजवलेलं कापड साच्यात बसवायचं, वर प्लास्टिक अंथरून कडेनं चिकटपट्टी लावायची आणि पंपानं आतली हवा ओढून घ्यायची. केसाएवढी फट राहिली, तरी पंपाच्या मीटरचा काटा उतरतो आणि होडी वाया जाते. ही फट काकाजी कानानं शोधतात. वर्ध्याच्या उन्हाळ्यातही पंखे बंद, बोलणं बंद, "श्वास हळू घेजा बे!" शेडबाहेरही तेच. लग्नाच्या पंगतीतून उठून ते आचाऱ्याच्या गॅसच्या नळीला कान लावून आले. एकदा एसटीचं चाक ऐकून त्यांनी बस अडवली. चाक पंक्चर निघालं, पण पुढच्या गावी, तोवर कंडक्टरनं त्यांनाच उतरवलं होतं. कोपऱ्यात प्लास्टिक ताणू नये म्हणून ते अशा सुबक निऱ्या घालतात की काकू म्हणतात, "माह्या साडीले कधी हात नाई लावला, अन् पन्नीचे नखरे पाहा!"

मी मालवणकडची, नववीत शाळा सुटलेली. समुद्र सोडून या कोरड्या मुलखात होड्या करायला आले, याचं गावाला अजून हसू येतं. शेडच्या शेठनी पहिली अख्खी होडी हाती दिली, ती एका अटीवर: बिघडली तर परत घरी. फट राहिली का ते बघायला पंप थांबवला आणि काटा उतरू लागला. रेझिन गरम व्हायला लागलं, म्हणजे ते घट्ट व्हायला फार वेळ उरला नव्हता. काकाजी स्टुलावरून हलले नाहीत.

"मले काऊन पाहून राह्यली व? होडी तुही, कान तुहा."

पंखे मात्र त्यांनीच बंद केले. मी कडेनं गुडघ्यांवर सरकत गेले. टोकाजवळच्या निरीत डास गुणगुणावा तसं काहीतरी होतं. अंगठ्यानं पट्टी दाबली. काटा थांबला.

"पाहा बे, पोरीले माहा कान आला!" काकाजी शेडभर सांगत सुटले.

ती होडी हिंगणीजवळच्या धरणात उतरली, त्या दिवशी मी आईला फोन लावला. तिनं किनाऱ्यावर जाऊन तो लाटांपुढे धरला. काकाजींनी समुद्र कधी पाहिलेला नाही, म्हणून मी माझा फोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, हातानं सगळ्यांना गप्प केलं, आणि चिंतेनं म्हणाले, "पोरी, तुह्या समुद्राले लय मोठं लीकेज हाय."

आता पंखे बंद झाले की कधीकधी मलाही समुद्राचं ते लीकेज ऐकू येतं.

"सापडलं का व?" काकाजी विचारतात.

"अजून नाही," मी म्हणते, आणि कान जरा वेळ तसाच ठेवते.