धम्मपालचा भोकांचा गालिचा

धम्मपाल मेश्राम आमच्या बालाघाटच्या एका कॉलेजात गणिताचा अतिथी विद्वान होता. पदवी भारदस्त, अर्थ एवढाच, की कायम प्राध्यापक बदलून आला की पाहुण्यानं आपला डबा उचलायचा. असा तो लालबर्ऱ्याहून उठला, किरनापुरातून उठला. बालाघाटला टेकला, तेव्हा कुठं संघमित्रावहिनींनी लाकडी पलंग घेतला.

गड्याचं वेड विचित्र. चौकोनाचे नऊ सारखे भाग करायचे, मधला फेकायचा. उरलेल्या आठांचं तेच, त्यांच्या तुकड्यांचंही तेच, कधीच न थांबता. मग या भोकांच्या गालिच्यातून सरळ रेघ न्यायची आणि तिच्यावर काय शिल्लक राहतं ते मोजायचं. धड रेघ नाही, नुसते ठिपकेही नाहीत. मिती शून्य आणि एकच्या मध्ये कुठंतरी. ती काढण्यात याचे केस गेले.

"अबे धम्मा, तुह्या गालिच्यावर बसाचं कुठं?" आम्ही स्टाफरूमवाले विचारायचो. तो समजावू लागला की पळायचो.

जुलैत एका सकाळी स्टाफरूममध्ये एक अनोळखी गृहस्थ येऊन बसले. फळ्यावरची आकृती पाहून म्हणाले, "रेघ आडवी, बरोबर मधून गेली तर?"

धम्मपाल उडालाच. त्याला आजवर कुणी प्रश्नच विचारला नव्हता. "मंग जवळपास शून्य दशांश त्रेसष्ट, सर!"

"आणि कडेनं गेली तर?"

"वा! कडेले भोक पडतच नाही. अख्खी रेघ राह्यते. मिती एक!"

त्यानं त्यांना आपली खुर्ची दिली, डब्यातले पोहे दिले, वर चहा मागवला. चहा घेऊन टिकाराम शिपाई आला.

"सर, प्रिंसिपल साहब बुला रहे हैं, जॉइनिंग के लिए।"

धम्मपाल सवयीनं उठला.

"आप नहीं. ये सर."

गृहस्थांनी पोह्यांची ताटली हळूच खाली ठेवली. गणिताचेच होते.

आता पाहुणा बिरशा गावच्या कॉलेजात; तिकडच्या बसवर सामान चढवायला मी गेलतो. पलंग टपावर मावेना. मी म्हटलं, "निदान पोहे तरी परत मागाचे होते." कुणी हसलं नाही.

"मधलं फेकतेत, हे तुमाले मालूम होतं न?" वहिनी म्हणाल्या. "मंग त्याले आपली खुर्ची काहून देली?"

धम्मपाल दोरी आवळत राहिला.

"अख्ख्या बालाघाटात त्यानंच बरोबर विचारलं," तो म्हणाला.

पलंग रस्त्यावरच राहिला.