वॉशिंग मशीन झालेल्या मुलीला भेटायला ग्रोनिंगनला

आम्हाला हवा असलेला कोरियन सिनेमा आम्ही राहतो त्या रॉटरडॅममध्ये नव्हता, नेदरलँड्सच्या पार उत्तरेला ग्रोनिंगनला होता. म्हणून शनिवारी मी आणि माझा नवरा निखिल तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून निघालो. हौसेला मोल नसतं, पण सवलतीचं कार्ड असेल तर वीकेंडला ट्रेनचं तिकीट बरंच स्वस्त पडतं. अडीचेक तास खिडकीतून गाई, कालवे आणि पुन्हा गाई.

सिनेमा मी निवडला होता. हिवाळ्यापासून मला नैराश्य आहे, दर गुरुवारी सायकॉलॉजिस्टकडे जाते. निखिल माझं सगळं करतो. फक्त गुरुवारी नागपूरहून आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन आला की सांगतो, "ती डच क्लासला गेलीय." क्लास कधीच संपला. इतके महिने शिकतेय, सून इतकी कशी ढ, असं त्यांना वाटत असणार. ते चालेल मला. लपवलेलं मात्र फार लागतं.

ग्रोनिंगनला स्टेशनवरून चालतच गावात जा आणि एयरबाल खा. उकडलेल्या अंड्याभोवती मसालेदार सारण लावून तळतात. निखिलने दोन खाल्ले, वर पुऱ्याही.

सिनेमा सुरू झाला आणि आमची फजिती कळली. बोलणं कोरियन, खाली अक्षरं डच. निखिलचं ऑफिस इंग्रजीत चालतं, त्याला डच येतं ते आभार मानण्यापुरतं. मग मी त्याच्या कानात मराठी कुजबुजू लागले. मनोरुग्णालयातल्या एका मुलीला वाटतं, आपण वॉशिंग मशीन आहोत. डॉक्टर समजावून थकतात. तिथलाच एक रुग्ण आपला मळका शर्ट घेऊन येतो आणि विचारतो, "साबण किती घालू?"

निखिल खो खो हसला. मागच्या आजींनी "शूऽऽ" केलं. मग तो पुढे सरकून पडदा बघू लागला.

परतीच्या ट्रेनमध्ये म्हणाला, "गुरुवारी मी आईला जे सांगतो, त्याचा तुला राग येतो?"

"येतो. तुला माझी लाज वाटते असं वाटतं."

"लाज नाही गं. आई घाबरेल म्हणून."

मी उरलेल्या पुऱ्या काढल्या.

पुढच्या गुरुवारी मी बूट घालत होते तेव्हाच फोन वाजला. निखिलने स्पीकर लावला.

"आई, ती क्लासला नाही जात. मनाच्या डॉक्टरकडे जाते. आजारी होती, आता बरी होतेय."

माझी लेस हातातच राहिली.

"म्हणजे पोरगी ढ नाही," आई म्हणाल्या. "मग गुरुवारचा स्वयंपाक तू करतोस ना?"