लीलाच्या दुर्बिणीची गाठ

फोन आला तेव्हा मी तुमसरच्या राईस मिलीत धान उतरवून बसलो होतो. शेजारच्या बाईचा आवाज... "भाऊजी, लीलाबाई आंगणात पडली. नाकातून रक्त येऊन रायलं." मी पोहोचलो तोवर ती गेली होती, ते रक्त वाळलं होतं. डोक्यातली नस फुटली, डॉक्टर म्हणाला. तोंड पुसताना उजव्या भुवईवरचा वाकडा व्रण वर आला. जमलेल्या बाया त्याच्याकडे बघत आणि मग माझ्याकडे. नवऱ्यानं मारलं असंल कधीतरी, असं गावात पुष्कळांना वाटायचं. म्हणून हे लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंत, तेव्हा शुद्ध-अशुद्ध तुम्ही बघून घ्या.

लीला पलटणीतल्या बापाची एकुलती पोर. बाप गेला आणि त्याची रायफल शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर तिच्या नावानं झाली. बाई तोंडाची तिखट, हाताची त्याहून. धान खायला आलेला सांड तिनं काठीनं असा झोडपला की पुन्हा आमच्या बांधीकडे फिरकला नाही. माझा धाकटा भाऊ देवा तिच्या हाताखाली वाढला. वयनी वाढंल तेवढं खायचा, वयनी म्हणंल तिथं जायचा. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या सालातली गोष्ट. धान लोंबीवर आलं होतं. सकाळी देवा बांधीत उतरला आणि धानात बसलेलं रानडुक्कर उठलं. सुळा मांडीत घालून त्यानं वरपर्यंत फाडलं. आम्ही धावलो तेव्हा देवा बांधीच्या पारीवर, मातीच्या बांधावर, पडला होता आणि खालच्या बांधीतलं पाणी लाल झालं होतं. लीलानं पदराचा बोळा करून मनगटापर्यंत हात त्या जखमेत घातला. "वयनी, थंडी वाजून रायली," एवढं तो बोलला. तिचा हात आतच होता आणि तो गेला.

ती रडली नाही. जंगल खात्याच्या दाराशी बसून राहिली, डुक्कर मारायची परवानगी हातात पडेपर्यंत. त्यात उन्हाळा लागला. पण ते जनावर शहाणं. माणसाचा वास आला की तलावाच्या पल्याड, उन्हाळ्यात जिथं बुड सुकून बेशरमाची झुडपं माजतात, तिथंच उकरत बसायचं. एवढ्या लांब नुसत्या डोळ्यानं नेम लागत नाही. आम्ही नागपूरला गेलो, दुर्बीण घ्यायला.

दुकानदारानं आधी साध्या फुलीची दाखवली. लीला म्हणाली, "ही नको. गोळी लांब जाता जाता खाली पडते. तवा वर धरा लागते. किती वर, ते इच्यात कुठं लिवलं हाये?" मग त्यानं खालच्या रेघेवर टिकल्या असलेल्या दोन काढल्या. जेवढं जनावर लांब, तेवढी खालची टिकली त्याच्यावर ठेवायची, म्हणजे नळी आपोआप वर उठते. एकीत दुर्बिणीवरचं कडं फिरवून चित्र मोठं केलं की टिकल्याही मोठ्या होत. दुसरीत चित्र वाढे, टिकल्या तेवढ्याच राहत. दुकानदार चांगला माणूस, खरं सांगितलं. "काकू, पहिली घ्या. दुसरीच्या टिकल्या कडं पूर्ण फिरवल्यावरच खऱ्या. कमी केलं की खोट्या."

"पयलीच्या टिकल्या लहान केल्या का केसावानी होतेत. सांजच्याले दिसतीन कोणाले? हे दुसरी जाड बरी."

"कडं फिरवलं तर?"

"फिरवनच नाई ना! मी काय रेडूचं टेशन लावून रायली?"

मी म्हटलं, दुकानवाला पोरगा सांगते तं आयक. "अजी, तुमी बंदूक धरता का मी?" संपलं.

सुकलेल्या तलावात चुना लावलेली मडकी मांडून तिनं टिकल्या बसवल्या. वरची मोहाच्या झाडापर्यंतच्या अंतराची, मधली खडकाची, शेवटची बेशरमाची. मडकी फुटायची तेव्हा दात खाऊन म्हणायची, "हे त्याची खोपडी."

डुक्कर आलं तेव्हा दिवस बुडत होता. आम्ही तलावाच्या पाळीवर, बांधाआड पालथे. कडं पूर्ण फिरवलेलं असलं की काचेत उजेड कमी पडतो, हे मडक्यांवर भर दुपारी कधी कळलंच नव्हतं. "काळंच दिसून रायलं," ती पुटपुटली, आणि उजेडासाठी तिनं कडं मागं फिरवलं. शेवटची टिकली छातीवर ठेवली. टिकली खोटी झाली होती. नळी जास्त वर उठली, गोळी पाठीवरून मांस उपटत गेली. डुक्कर लोळलं, किंचाळलं आणि झुडपात घुसलं.

मी म्हटलं, चाल घरी. ती उठली. "जखमी सोडून जाऊ? उद्या दुसऱ्याचा देवा फाडंल." मी कुऱ्हाड घेतली. बेशरम हललं आणि ते अंगावरच आलं. एवढ्या जवळून काचेत नुसते काळे केस. खांद्याला नीट टेकवायला वेळ नव्हता, तिनं तोंड दुर्बिणीत खुपसून चाप ओढला. रायफलीच्या धक्क्यानं दुर्बिणीची कड भुवईत रुतली. डुकराचा जबडा उडाला तरी ते थांबेना. मी कुऱ्हाड घातली, एकदा, दोनदा, हात थांबेना. "सरका!" ती ओरडली. भुवईतून डोळ्यावर रक्त गळत होतं तसंच नळी डुकराच्या कानामागं टेकवून तिनं आणखी एक गोळी झाडली. मग बसली. तेव्हा रडली... मेलेल्या डुकराला लाथा घालत रडली.

दुसऱ्या दिवशी जंगलवाल्यांनी ते डिझेल टाकून जाळलं. शेवटचं हाड पडेपर्यंत ती उभी होती, भुवईला पदराची पट्टी. घरी येऊन ती पट्टी सोडली, दुर्बिणीचं कडं पूर्ण फिरवलं आणि रक्ताच्या त्या पट्टीनं दोन गाठी मारून बांधून टाकलं. "दुकानवाला खरं बोल्ला व्हता," म्हणाली. तिनं कोणाचं खरं मानलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.

ती गेल्यावर रायफल ठाण्यात जमा केली. शिपाई म्हणाला, दुर्बीण परवान्यावर नाही, घेऊन जा. घरी आणली आणि पाट्याचा वरवंटा उचलला, ठेचायला. कोणावर राग होता, सांगता येत नाही. मग तशीच उचलून सांजच्याला तलावाच्या पाळीवर नेली. डोळ्याला लावली. देवा पडला होता ती बांधीची पार शोधत होतो. सगळं काळंच दिसत होतं. उजेडासाठी हात आपसूक कड्याकडे गेला. बोटाला गाठ लागली, वाळलेली, कडक.

काढून घेतला हात.