दोन बोटांची फट

आमच्या शेजारचे बटणकाका जन्मभर शिंपीकाम करत आले. डोळे अधू झाले, सुईत दोरा जाईना, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. पण हात स्वस्थ बसेनात. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं जमवायची, जुन्या सँडविच टोस्टरमध्ये मऊ करायची, दोन सपाट लोखंडी पाट्यांमध्ये दाबून चपटी करायची आणि त्यातून बटणं कापायची, हा नाद त्यांना लागला. निळ्यात पांढरं मिसळलं की बटणात ढग उतरत. मीही घरातलं एक झाकण फेकत नसे.

हे सगळं चाले स्वयंपाकघराच्या ओट्यावर, तेही खिडकी लावून. वाऱ्याची झुळूक लागली की तापलेलं प्लास्टिक एका बाजूने आधी गार होई आणि वाकडं निघे. "कापड काय नि प्लास्टिक काय, सुरकुती म्हणजे शिंप्याची अब्रूच गेली," असं ते म्हणत. खिडकीच्या फटींत त्यांनी चिंध्या कोंबल्या होत्या. शिंप्याच्या घरी चिंध्यांना काय तोटा!

थंडीत काकूंना खोकला लागला. काका मायेनं म्हणाले, "अगं, बाहेर कुडकुडत काय बसतेस? इथे ये माझ्यापाशी, ऊब आहे."

काकू रोज तिथे भाजी निवडत बसू लागल्या. खोकला वाढतच गेला.

अशातच काकूंच्या राखाडी कोटाचं एक बटण हरवलं. तसा रंग झाकणांत मिळेना. काकांनी माळ्यावरचा नळाच्या राखाडी पीव्हीसी पाइपचा तुकडा काढला, कापून टोस्टरमध्ये घातला. तो लवकर मऊ होईना म्हणून आच वाढवली. जळका, झोंबरा धूर उठला. काकांनी नेहमीसारखं तोंडाला फडकं बांधलेलं होतं. काकूंचा मात्र श्वास कोंडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात काही जळतं का? कोळसा, कचरा?"

"छे हो," काकू धापा टाकत म्हणाल्या, "वय झालं, दुसरं काय!"

काका मला नंतर म्हणाले, "बाई, तिच्या त्या खोट्याचा चटका बसला ना, तसा इस्त्रीचा जन्मात बसला नव्हता. ती मला झाकत होती. गप्प बसलो असतो तर निभावलंही असतं."

पण ते गप्प बसले नाहीत. "मी वितळवतो प्लास्टिक," ते म्हणाले. "आज पाइप तापवला."

"तो कधीच तापवायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. " त्यातून आम्लासारखा वायू सुटतो, छाती आतून पोळते. आणि झाकणांचा धूरही बंद खोलीत घ्यायचा नाही."

"मी फडकं बांधतो की."

"फडक्याने वायू अडत नाही. आणि ह्यांच्या तोंडाला काय बांधलं होतं?"

 

काकूंना आठवडा दवाखान्यात काढावा लागला. टोस्टर दोन महिने पडून होता. शेवटी काकूच वैतागल्या, "अहो, तोंड पाडून किती दिवस बसणार? न्या ते अंगणात." आता तो मागच्या अंगणात, भिंतीपासून लांब चालतो. आच मंद. फक्त झाकणं. धूर दिसला की टोस्टर बंद. काकू घरात, मागची दारं-खिडक्या लावून. वाऱ्यानं बटणं वाकडी निघतात. काका ती निमूट ठेवून घेतात.

कोटाला त्यांनी शेवटी निळं बटण लावलं. काकू म्हणाल्या, "शिंप्याची बायको, नि कोट विजोड! लोक हसतील." तरी घालतात तोच.

खोकला पुरता गेलेला नाही. परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते. टोस्टर केव्हाच गार होऊन कपाटात गेला होता. गारठा वाढला तशी काकू म्हणाल्या, "अहो, खिडकी लावा ना."

काका उठले. कडीला हात घातला, थांबले. मग दोन बोटांची फट ठेवून परत येऊन बसले.

"पुरती लावा की," काकू म्हणाल्या.

काकांनी उठून स्वतःची शाल त्यांच्या खांद्यावर घातली. खिडकी तशीच राहिली.