साडूंचं जास्तीचं रक्त

आमच्या थोरल्या साडूंइतकी देण्याची हाव असलेला माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही. नालवाडीच्या त्यांच्या घरातून रिकाम्या हाताने परतलेला पाहुणा मी पाहिलेला नाही. एकदा तर मी नको नको म्हणत असताना त्यांनी माझ्या स्कूटरला पपईचं रोप बांधून दिलं, आणि मी राहतो तिसऱ्या मजल्यावर! चौदा एप्रिलच्या रक्तदान शिबिरात पहिली खाट दरवर्षी त्यांचीच. माझी लेक जन्मली तेव्हा बायकोला रक्त लागलं, तेही साडूंनीच दिलं. आभार मानायला गेलो, तर म्हणाले, "हट! लेकरू पाहू दे मले आधी."

दोनेक वर्षांपूर्वी त्यांचा चेहरा लालबुंद दिसू लागला. तब्येत सुधारली, म्हणून आम्ही सगळे खूश. आंघोळ केली की अंगाला खाज सुटायची, त्याचा दोष त्यांनी साबणाला दिला. सहा साबण बदलले आणि उरलेल्या वड्या पाहुण्यांना वाटल्या. अखेर शिबिरातल्या डॉक्टरांनीच त्यांना खाटेवरून उठवून तपासणीला धाडलं. अंगात तांबड्या पेशी फार झाल्या होत्या. रक्त दाटलेलं, गुठळी झाली तर जिवावर बेतणार. म्हणून अधूनमधून पिशवीभर रक्त काढून टाकायचं. काढायला साडूंची ना नव्हती. पण आजारामुळे ते कोणाला देत नाहीत, फेकतात, हे कळलं आणि ते बिथरले.

"सिकलसेलची लेकरं रक्तासाठी ताटकळून राह्यली, अन् माह्यं फेकून देता? नाई जमत मले!"

दोन खेपा त्यांनी चुकवल्या. डोकं जड झालं, बोटांची आग होऊ लागली, मेहुणीबाई रडल्या. मी समजावायला गेलो आणि वांगी घेऊन परतलो. शेवटी माझी लेक गेली. ती आता कॉलेजात आहे.

"मावसाजी, तुमचं जे फेकतात ते फेकू द्या. शिबिरात तुमच्या जागी मी देते. पण तुमी आजच चला."

साडू उठले आणि चपला शोधू लागले. तेव्हापासून एकही खेप चुकलेली नाही.

यंदाच्या शिबिरात पहिल्या खाटेवर लेक झोपली होती आणि साडू केळी वाटत होते. सुई टोचायच्या वेळी धावत आले आणि नर्सला म्हणाले, "दमानं, बाई. माह्यंच रक्त हाये ते."

माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांचे राहिलेले आभार मी तिथे, त्या गर्दीत, मानून टाकले. साडूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि माझ्या हातात एक केळं ठेवलं.